फक्त टाकीसाठी नको, देखभालीसाठीही निधी मागा

बालगृहाच्या छतावरचं पावसाचं पाणी साठवण्यासाठी टाकीपुरतीच देणगी मागावी, ही सूचना मला अपुरी वाटते. २०० चौ.मी. स्लॅब, ७०० मिमी पाऊस आणि ०.८ गुणक (म्हणजे छतावर पडलेल्या पाण्यापैकी ८० टक्के हाती येतं) धरला तर वर्षाला १,१२,००० लिटर पाणी मिळतं. सगळं साठवायची गरज नाही. ४० मुलांना पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी रोज ५ लिटर, म्हणजे २०,००० लिटरची टाकी १०० दिवस पुरते. अंदाजपत्रकात पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढणारा २०० लिटरचा पिंप, जाळी, वाळूचा फिल्टर आणि दरवर्षीची टाकीसफाई हवीच. पिंपाच्या तळाला नळ ठेवून तो दर पावसानंतर रिकामा करा. भरलेलाच राहिला तर पुढच्या सरीला पक्ष्यांची विष्ठा थेट टाकीत उतरते, आणि ते पाणी मुलं पितात! सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा पैसा, हवा असेल तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (हा निधी घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी) आधी तपासा.