प्रतिसाद: भीती उगाच नाही
बायका उगाच घाबरून गर्भनिरोधक इम्प्लांट (दिवस राहू नयेत म्हणून बसवायची कांडी) नाकारतात, हे मत मला पटत नाही. दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली ४ सेंटीमीटरची कांडी बसवतात. ३ वर्षं निश्चिंती, हे खरंच. पण पाळी बेभरवशाची होते: कुणाला महिनोन्महिने येतच नाही, कुणाला सारखे डाग लागत राहतात. ज्या घरात अजून पाळीत देवघराला शिवायचं नसतं, तिथल्या सुनेने काय करायचं? हे आधी नीट सांगितलं, तर ती तयारीत असते.

आणि काढण्याचं काय? नॉरप्लांट या जुन्या इम्प्लांटच्या ६ कांड्या काढताना कित्येकींचे हाल झाले. आता एकच असते, तरी "थांबा, होईल सवय" असं न ऐकवता, मागेल तेव्हा काढून देणारी नर्स किंवा डॉक्टर जवळच्या केंद्रात हवीच.