स्कॉलर असोसिएशन म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या? मला नाही पटत

कॉलम_चालू_आहे
काल इथे @माजी_सेक्रेटरी यांनी लिहिलं की डिपार्टमेंटची रिसर्च स्कॉलर असोसिएशन, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची संघटना, म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, दोन वर्षं समोसे मोजले आणि हेडच्या सह्या गोळा केल्या, तेवढ्यात पेपर मागे पडला, नवीन पोरांनो लांब राहा. रात्रभर डोक्यात तेच फिरत होतं म्हणून सविस्तर लिहितेय.

मी केमिस्ट्रीत चौथ्या वर्षाला, मागच्या वर्षी खजिनदार होते. आमच्याकडे एनएमआरचे (रेणूची रचना दाखवणारं मशीन) सॅम्पल पंधरा पंधरा दिवस पडून राहायचे आणि ज्या गाईडचं वजन जास्त त्यांच्या लॅबचे संध्याकाळपर्यंत होऊन यायचे. असोसिएशनने मशीनच्या दारावर तक्ता लावला, एका लॅबचे दिवसाला पाचच सॅम्पल, नाव लिहा आणि नंबराने घ्या. एवढ्याशा कागदासाठी तीन महिने लागले, दोन सरांनी बोलणं टाकलं. पण आज पहिल्या वर्षाच्या मुलाला सॅम्पलचा स्पेक्ट्रम, म्हणजे रिपोर्ट, चार दिवसांत मिळतो.

दुसरं. आमच्या लॅबमधल्या ताईला दिवस गेले तेव्हा ऑफिसातून सांगितलं की रजिस्ट्रेशन रद्द करा, नंतर बघू. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या नियमांत पीएचडी करणाऱ्या बाईला २४० दिवसांपर्यंत रजा आहे, वर मुदतीत दोन वर्षांची सवलत. ते पान आम्ही चौघांनी अधोरेखित करून टेबलावर ठेवलं. ताई एकटी गेली असती का? प्रोग्रेस रिपोर्ट, रजा, फेलोशिपचा फॉर्म, सिनॉप्सिस, सगळ्यावर गाईडची सही लागते. एकटा माणूस तोंड उघडत नाही हो, भीती खरी असते.

माजी_सेक्रेटरी
ताईचं काम झालं, आनंद आहे. आता माझं ऐका. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन कोण करतं? असोसिएशन. बॅनर, पाहुण्यांची टॅक्सी, बुके, दोनशे जणांचा नाश्ता, सगळं माझ्या जीपेवरून गेलं. चौदा हजार. ते परत मिळायला सात महिने, कारण एका बिलावर जीएसटी नंबर नव्हता. जेआरएफ फेलोशिप महिन्याला ३७,००० असली तरी दर महिन्याला येते का? तीन-चार महिन्यांची एकदम येते, तोवर घरभाडं उसनं काढून. आणि आरएसीत (रिसर्चची प्रगती तपासणारी कमिटी) गाईड सगळ्यांसमोर म्हणाले, तुझं लक्ष लॅबमध्ये नाही. तुमचा तक्ता चांगला असेल, माझ्या वाट्याला तक्ता आला नाही, मंडप आला.

कसारा_फास्ट
दोघेही एक गोष्ट विसरताय. ह्या असोसिएशनच्या मीटिंगा कधी असतात? साडेसहाला. संपतात आठला. मी आसनगावला उतरते, घरी पोचायला साडेदहा. तीन वर्षांत दोन मीटिंगांना बसले आणि दोन्ही वेळा मुद्दा यायच्या आधी उठावं लागलं. वर्गणी मात्र सगळ्यांकडून. निर्णय हॉस्टेलवाल्यांचे.

रूम_नं_बारा
दुपारी कोण येणार? काचेच्या नळीत पदार्थ वेगळे करायचा कॉलम चालू असतो, रिअ‍ॅक्शन बर्फात असते, मशीनचे स्लॉट असतात. खरं काम संध्याकाळनंतर होतं हे सगळ्यांना माहितीये. पाचच्या ठोक्याला बॅग उचलणाऱ्यांसाठी सगळं डिपार्टमेंट का हलवायचं?

कसारा_फास्ट
पाचच्या ठोक्याला? माझा डबा पहाटे साडेचारला भरतो. तुम्ही दात घासत असता तेव्हा माझा रोटाव्हॅप (द्रावण आटवायचं यंत्र) गरम झालेला असतो. हॉस्टेलची खोली मागितली नव्हती असं वाटतं का तुम्हाला? दोन वर्षं वेटिंग लिस्टवर होते, मग नाव काढून टाकलं. रात्री दहाला स्टेशनवरून रिक्षा मिळत नाही, वडील सायकल घेऊन येऊन उभे राहतात, वय चौसष्ट.

विरारची_मी
+१. आणि सकाळी विरारला लोकलमध्ये चढणं म्हणजे काय हे हॉस्टेलवाल्यांनी आठवडाभर करून बघावं. आमच्याकडे एकाने सुचवलं की मीटिंग ऑनलाइन जॉइन करा. लेडीज डब्यात उभं राहून, एक हात कडीला, कानात गर्दी, काय बोलणार मी लॅबमधल्या विषारी वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडच्या तक्रारीवर? फ्यूम हूड बंद आहे दीड वर्ष, तो मुद्दा कुणी घेत नाही कारण त्या लॅबमधले आम्ही तिघेही लांब राहणारे.

रूम_नं_बारा
फ्यूम हूडचं मला माहीत नव्हतं. ते लिहून द्यायला हवं होतं.

विरारची_मी
कुठे देणार? मीटिंगमध्ये!!

जुना_मास्तर
शिकवून निवृत्त झालोय, मध्ये बोलतो. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी निवडणुका गेल्या, २०१६ च्या कायद्यात परत आल्या, पण त्या विद्यार्थी परिषदेच्या. तुमची स्कॉलर असोसिएशन वेगळी, ती हेडच्या मर्जीवर चालते. माझ्यासमोर दोनदा मेली, नवीन हेड आले आणि म्हणाले गरज काय. म्हणून आधी डिपार्टमेंटच्या मीटिंगच्या इतिवृत्तात तिची नोंद करून घ्या, खर्च अ‍ॅडव्हान्स उचलून करा. स्वतःच्या खिशातून पोरांनी एक रुपयासुद्धा घालू नये. सेक्रेटरी साहेबांचे चौदा हजार अडकले ह्याची आम्हा शिक्षकांना लाज वाटायला पाहिजे.

माजी_सेक्रेटरी
सर, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. असो. तक्ता आणि २४० दिवस, ह्या दोन कामांसाठी असोसिएशन असावी, एवढं मान्य करतो. ह्यापेक्षा जास्त नाही. विज्ञान दिनाला माझा विरोध कायम.

कॉलम_चालू_आहे
विज्ञान दिन डिपार्टमेंटने करावा, आम्ही फक्त पोस्टर लावू, हे मी ह्या वर्षी लेखी देणार आहे. मीटिंगच्या वेळेचं मात्र चुकलंच. खजिनदार असताना मी हजेरीचं रजिस्टर ठेवायचे, तीच सतरा नावं दर वेळी, बाकीचे का येत नाहीत असं एकदाही विचारलं नाही. बुधवारी सव्वाला ठेवूया का, लंच टाइममध्ये? पहिला विषय फ्यूम हूड.

रूम_नं_बारा
बुधवारी माझा कॉलम असतो. पण ठीक आहे, मंगळवारी लावेन.

कसारा_फास्ट
सव्वाला कॅन्टीनची रांग असते. दीडला ठेवा, मी येते.