अनुभव धागा : नागपूरच्या उन्हात हायड्रेंजिया कोणी जगवलंय?

धागा काढतेय कारण माझी हायड्रेंजियाची (मोठ्या गुच्छांनी फुलणारं शोभेचं झुडूप) दोन रोपं उन्हाळ्यात गेली आणि तिसरं कसंबसं तगलंय. पहिली दोन गच्चीवर होती. मेच्या पहिल्याच आठवड्यात पानं पापडासारखी वाळली, हात लावला की चुरा. तिसरं पूर्वेच्या व्हरांड्यात ठेवलं. सकाळी नऊपर्यंत ऊन, मग सावली. ते जगलं, पण फुललं नाही. जागा, माती, पाणी सगळं सविस्तर लिहा. रोप मेलं असेल तरी लिहा, त्यातूनच जास्त कळतं. (धरमपेठ)

मानेवाडा : ताई, मी आणलं तेव्हा गुच्छ निळाशार होता. अंगणातल्या काळ्या मातीत लावलं आणि पुढच्या वर्षी गुलाबी फुलला. नर्सरीवाल्याने फसवलं असंच वाटलं मला. पण दोष मातीचा. निळा रंग येतो तो अ‍ॅल्युमिनियममुळे, आणि ते झाडाला आम्लधर्मी मातीतच मिळतं, साधारण ५.५ पीएचच्या खाली (पीएच म्हणजे आम्लतेचं माप, जितका कमी तितकी माती आम्ल). आपली काळी माती चुनखडीची, तिथे ते अडकून राहतं. मग झाड उपटून कुंडीत घेतलं : कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, गांडूळखत, काळी माती चिमूटभरही नाही. दर पंधरा दिवसांनी लिटरभर पाण्यात अर्धा चमचा तुरटी विरघळवून घालतो. तुरटीत अ‍ॅल्युमिनियम असतंच. पहिला गुच्छ जांभळट आला, दुसऱ्या वर्षी निळा. पांढऱ्या जातीवर मात्र हा खटाटोप करू नका, ती निळी होत नाही.

बोअरचं पाणीही बंद केलं. त्याने पानं पिवळी पडत होती, फक्त शिरा हिरव्या. आता पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवतो, पुरेल तितके दिवस तेच.

महाल : आमच्याकडे अंगण नाही, नुसती गॅलरी. कुंडी खिडकीतल्या कूलरच्या बाजूला ठेवली, मागून गरम हवा लागणार नाही अशी. कूलरची खसची (वाळ्याची) ताटी ओली असते, तिथला गारवा झाडाला मानवतो. नवतपात (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) दुहेरी हिरवी जाळी बांधून राहिलो. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र झाडाला घालू नका, त्यात क्षार साचलेले असतात.

त्रिमूर्ती नगर : दुपारी पानं मान टाकतात म्हणून मी दिवसातून तीनदा पाणी घालायचे. मुळं कुजली. कुंडी उलटी केली तेव्हा काळी, लिबलिबीत मुळं हातात आली, वासासकट. दुसऱ्या रोपाच्या वेळी थांबायला शिकले : संध्याकाळी सहाला पानं आपोआप उभी राहिली, तर तहान नव्हती, नुसतं ऊन होतं. सकाळीही मलूल दिसली आणि बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली, तरच पाणी.

जरीपटका : मांजर असेल तर कुंडी उंच ठेवा, पानं विषारी असतात.

प्रतापनगर : धरमपेठच्या ताई, गुलाबाबरोबर डिसेंबरात याचीही छाटणी करता का? मी चार वर्षं करत होतो आणि चार वर्षं नुसती पानं. नेहमीच्या मोठ्या पानांच्या जातीत कळी जुन्या फांदीच्या शेंड्यातच तयार होते, थंडीत ती तिथे झोपलेली असते. आता फूल सुकलं की लगेच, त्याच्याखालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापतो. मार्चमध्ये तीन गुच्छ आले.

धरमपेठ : हो, गेल्या डिसेंबरात सगळं कापलं होतं मी! आत्ता टॉर्च घेऊन बघून आले. पाच फांद्या आहेत, त्यातल्या दोन फांद्यांच्या शेंड्याला हरभऱ्याएवढा फुगीर डोळा दिसतोय. कात्री आत ठेवून दिली.