मदत हवी आहे: तीन खात्यांचे आकडे एकत्र कसे करू?

साळावली
अमली पदार्थांची आकडेवारी गोळा करणारा राज्याचा कार्यगट सांभाळते. सोमवारी बैठक आहे. तिन्हीकडून तक्ते आलेत, पण जुळत नाहीत. एकीकडे आकडा वाढलाय, दुसरीकडे घटलाय. वरिष्ठांना एकच आकडा हवा आहे, "गोव्यात व्यसनी किती?" एक्सेलमध्ये हे एकत्र करायची सोपी रीत कुणाला ठाऊक आहे का? लवकर सांगा, खरंच अडले आहे.

रकाना
एक्सेलमधलं पॉवर क्वेरी वापरा. तिन्ही फाइल्स एका फोल्डरमध्ये टाका, रकान्यांची नावं सारखी करा, दहा मिनिटांचं काम. हवं तर पायऱ्या लिहून देतो.

फोंडेकर
थांबा, तिन्ही म्हणजे कोणकोण? आणि काळ कुठला?

साळावली
पोलीस, इस्पितळ, व्यसनमुक्ती केंद्रं. काळ सारखाच असेल.

फोंडेकर
"असेल" म्हणून सोडू नका, ताई. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरचे गुन्हे नोंदवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, अहवालाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, आरोग्याच्या मासिक नोंदी एप्रिल ते मार्च मोजतात. आधी ते बघा. दुसरं, एक ओळ म्हणजे काय? पोलिसांकडे ती गुन्हा असते, बाह्यरुग्ण विभागात भेट आणि केंद्रात एकदा दाखल होणं. माणूस कुठेच मोजलेला नाही. पोलिसांचा आकडा वाढला तर नोंदलेले गुन्हे वाढले एवढंच खात्रीनं म्हणता येतं, सेवन वाढलं असं नाही.

वाळपईची सिस्टर
दारू धरली आहे का?

साळावली
नाही. विषय अमली पदार्थांचा आहे.

वाळपईची सिस्टर
मग अर्धं चित्र गेलं. वॉर्डात दाखल झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, तो रुग्ण बहुतेक वेळा दारूचा असतो. एम्सनं केलेल्या, २०१९ला अहवाल आलेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयात दारू घेणारे १४.६ टक्के, गांजा-भांग २.८ आणि अफूवर्गीय पदार्थ २.१ टक्के. दारू सोडून व्यसनाचा अहवाल होतच नाही.

जुना नाका
अबकारीत नोकरी झाली माझी. दारूला परवाना आहे, गांजाला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. एकात एक मिसळू नका, बैठकीत कायद्यावरच वाद होईल.

वाळपईची सिस्टर
भाई, यकृताला परवाना कळत नाही. तक्ता वेगळा ठेवा, पण ठेवा.

सांगेकर
माझ्या भाच्याला गेल्या वर्षी हाच त्रास झाला. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन केला, पुढची वाट त्यांनी दाखवली. घरच्यांनी लाज बाळगू नये.

साळावली
सांगेकर, भाचा बरा असेल अशी आशा. पण माझा प्रश्न आकड्यांचा आहे. एकच माणूस तीन ठिकाणी मोजला गेला तर तो ओळखायचा कसा?

रकाना
आधार क्रमांक घ्या. प्रश्न मिटला.

फोंडेकर
अजिबात नको! मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३: रुग्णाची माहिती गुप्त राखायची. एनडीपीएसचं कलम ६४अ आपणहून उपचाराला येणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून सवलत देतं. त्याला दारातच आधार मागितलात, तर दुसऱ्या दिवशी तो येणार नाही. केंद्रानंच सांकेतिक क्रमांक तयार करावा. नाव केंद्राबाहेर जाऊच नये.

रकाना
सांकेतिक क्रमांकातही चुका होतात. आधारनं निदान माणूस पक्का ठरतो.

वाळपईची सिस्टर
माणूस आलाच नाही तर पक्का कोण ठरणार?

आल्तिनो
पोर्तुगालनं २००१ साली स्वतःपुरत्या साठ्यासाठीची फौजदारी शिक्षाच काढून टाकली. गोव्यानं ते शिकायला हवं.

जुना नाका
तो वेगळा वाद आहे, आणि मला तो मुळीच पटत नाही. त्यासाठी दुसरा धागा काढा.

आल्तिनो
बरं, मग कामाचं सांगतो. युरोपची अमली पदार्थांची संस्था लिस्बनलाच आहे. उपचारांच्या नोंदीत ते वर्षभरात उपचार सुरू करणारा माणूस एकदाच मोजतात. अमेरिकेतही राज्याराज्यांत असे कार्यगट आहेत, ते सेवन आणि सेवनाचे परिणाम हे दोन भाग वेगळे ठेवतात. तुम्हालाही तेच करावं लागेल. एका आकड्याचा हट्ट सोडा.

साळावली
रात्रीचे साडेअकरा. केंद्राची नोंदवही समोर घेऊन बसले आहे. गावकर हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलंय. जन्मतारीख तीच, पत्ता तोच. पाच वेळा दाखल, एकच मुलगा. सत्तरी तालुक्यातला, वय (काढून टाकलं), वाडा (काढून टाकला).

फोंडेकर
काढलंत ते बरं केलंत, मी तेच लिहायला आलो होतो. आडनाव आणि सत्तरीही काढा. गाव लहान असलं की वय आणि वाडा एवढ्यावर अख्ख्या गावाला मुलगा कळतो. अहवालातही पाचपेक्षा कमी माणसं असतील तिथे आकडा छापू नका, तालुके एकत्र करा.

साळावली
संपादनाची मुदत संपली, संपादकांना कळवलं आहे. माझ्या लक्षातच आलं नाही. आता तीन तक्ते वेगळे ठेवते: गुन्हे, रुग्णालयातल्या भेटी, केंद्रातली माणसं. दारू चौथ्यात. एकच आकडा देणार नाही, बैठकीत कारण सांगेन. अजून एक अडलंय. पाचपैकी तीन वेळा हा मुलगा दहा दिवसांत निघून गेलाय. ते कुठे लिहू?

वाळपईची सिस्टर
"उपचार अर्धवट सोडले" असा रकाना करा. आणि केंद्राला विचारा का गेला. आमच्याकडे कितीदा कारण एवढंच असायचं, घरी दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

साळावली
तो रकाना फॉर्मवर नाहीच. सकाळी केंद्राला फोन करते.