महाबळेश्वरचं घर : पावसाआधी भिंतींना गवताच्या झडी (आडोसे) कोणी बांधून घ्यायच्या?

ताई, सकाळी ७:४२
नमस्कार सगळ्यांना. काल रात्री घरी पोचले. फोटो टाकलेत, कृपया मोठे करून बघा. पहिला, पश्चिमेच्या खोलीतलं कपाट ओढल्यावर मागे दिसलेली भिंत. दुसरा, आजीची निळ्या काठाची गोधडी. ट्रंकेच्या तळाशी होती, बुरशीने पांढरी झालीये. तिसरी मिठाची बरणी आहे, आत नुसतं पाणी. मामा म्हणाले, मागच्या पावसात त्या बाजूला झडी लावल्याच नव्हत्या. वर्ष कोणाचं होतं?

मोठे काका, ७:५०
शुभ सकाळ. आज १९ तारीख. ३१ मेच्या आत झडी बांधून झाल्या पाहिजेत.

वहिनी, ७:५३
अरे देवा, ती गोधडी 😢

धाकटे काका, ८:०५
वर्ष माझं होतं हे सगळ्यांना माहीत आहे, मग विचारायचं कशाला? प्लास्टिक मारून घेतलं होतं. पैसे मीच भरले. वाटा अजून एकाचाही आलेला नाही.

ताई, ८:०७
काका, प्लास्टिक पुढच्या बाजूला होतं. पावसाचा मारा मागून येतो.

दादा, ८:१५
प्लास्टिकचं मी तेव्हाच बोललो होतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला, आंबेनळी घाट बंद झाला, तरी ही भिंत आतून कोरडी होती. कारण गवताच्या झडी होत्या. गवतावरून पाणी खाली ओघळतं आणि मागे हवा खेळती राहते. जांभा पाणी पितो. त्याला प्लास्टिक चिकटवलं की ओल आतच कोंडते.

धाकटे काका, ८:१८
गवत कापायला, बांधायला माणसं मिळतात का आता? लिहायला काय जातं.

चिनू, ८:२०
ते मिठाचं पाणी आटवून परत मीठ करता येईल ना? 😄

ताई, ८:२१
चिनू, आत्ता नको.

आत्या, ८:३४
विषय निघालाच आहे तर मीही विचारते. डिसेंबरात आपल्या घरी कोण राहून गेलं? माझ्या लेकीने तारीख मागितली तेव्हा घर बंद आहे म्हणून सांगितलं होतं.

दादा, ८:४०
आत्या, माझ्या ऑफिसातले दोघं होते. एक पैसा घेतला नाही त्यांच्याकडून.

आत्या, ८:४१
पैशाचं कोण म्हणतंय रे? विचारायचं होतंस.

काकू, ८:४४
आज आपल्या वहिनींचा वाढदिवस! खूप खूप शुभेच्छा 🎂

चिनू, ८:४४
हॅपी बर्थडे आई 🎉

आत्या, ८:४६
शुभेच्छा गं. सुखात राहा.

मोठे काका, ८:४८
अनेक आशीर्वाद. ३१ मेच्या आत झडी बांधून झाल्या पाहिजेत.

धाकटे काका, ९:०२
मी स्पष्ट बोलतो. एवढा खर्च दरवर्षी कोण करणार? रीतसर भाड्याने द्या. पर्यटनवाल्यांची निवास व न्याहारी योजना आहे, नोंदणी करता येते. मागे दोन खोल्या वाढवू.

दादा, ९:०६
खोल्या अशा वाढवता येत नाहीत काका. १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी इको सेन्सिटिव्ह झोन झालाय. झाड तोडायलासुद्धा परवानगी लागते.

धाकटे काका, ९:०७
मग विका.

आत्या, ९:११
विकायला माझी सही लागेल. घर बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलं, मृत्युपत्र केलं नाही. अशा मिळकतीत १९५६ च्या कायद्यापासून मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. वारस नोंदीत माझं नाव आहे. हक्कसोडपत्र केलेलं नाही, करणार नाही.

काकू, ९:१३
वन्सं, तुम्हाला कोणी सोडा म्हटलंय का?

आत्या, ९:१४
दोन वर्षांपूर्वी दिवाळीत म्हटलं होतं. कोणी ते इथे लिहीत नाही.

वहिनी, ९:१५
सगळ्यांना शुभेच्छांबद्दल धन्यवाद 🙏

मोठे काका, ९:२०
विकायचं, भाड्याचं, वाट्याचं दिवाळीत बसून बोला, मी सगळं ऐकून घेईन. भिंत दिवाळीपर्यंत थांबणार नाही. मी बारा वर्षांचा असल्यापासून बाबांबरोबर शिडी धरून उभा राहिलोय. एका वर्षी उशीर झाला तेव्हा सबंध गणपतीभर स्वयंपाकघरात ओल्या काड्यांनी चूल पेटेना. आई रडलेली मी बघितली आहे. ३१ मेच्या आत.

(बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही.)

ताई, ११:३२
मामांनी दोन माणसं गाठलीत. गवताच्या पेंढ्या आज संध्याकाळी येतात. मी इथेच थांबतेय, सुट्टी वाढवून घेतली. पण शनिवारी वर चढायला अजून एक जण हवा आणि आपली शिडी मधेच मोडली आहे.

दादा, ११:३५
शनिवारी माझी मीटिंग आहे, पैसे आत्ता पाठवतो. काका, मागच्या वर्षीचा माझा वाटाही त्यातच टाकतो.

आत्या, ११:४०
माझाही घ्या. ताई, गोधडी कडक उन्हात घालू नकोस, काठाचा रंग जाईल. सावलीत वाऱ्यावर टाक, सुकली की ब्रशने झाड.

धाकटे काका, १२:०४
शनिवारी पहाटे निघतो. शिडी आणतो.

मोठे काका, १२:०५
पश्चिमेची बाजू आधी घ्या.