'जो लिहीत नाही तो स्वतःशी खोटं बोलतो' – हे मला मान्य नाही

मंजिरी_सा:
काल 'हिशेबी' यांनी लिहिलं की रोजचं खाणं काट्यावर तोलून आणि वहीत लिहून त्यांनी आठ महिन्यांत १४ किलो वजन उतरवलं. जे लिहीत नाहीत आणि ज्यांचं उतरत नाही ते आळशी, नाहीतर स्वतःशी खोटं बोलतात, असंही लिहिलं. १४ किलोंबद्दल मनापासून अभिनंदन. पण दुसऱ्या वाक्याने रात्रभर डोकं तापलंय.

मीही चार महिने लिहिलं. पोळ्या मोजता येतात, कबूल. पण कॅलरी मोजायच्या ॲपमधली 'एक वाटी आमटी' कुणाच्या घरची? आणि वाटी तरी कुठली? आमच्याकडे पाच जणांची भाजी एकाच कढईत होते. भरली वांगी केली की रस्सा घेणाऱ्याच्या ताटात सगळा तवंग जातो, वांगं घेणाऱ्याच्या ताटात नाही. त्यातलं माझं तेल किती, हे कुठला काटा सांगणार?

आणि मी मोजत होते ते फक्त ताटातलं. मुलाने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाचा भात, 'एवढंसं काय ठेवायचं' म्हणून संपवलेली उसळ, हे ताटात येतच नाही. ते ओट्यापाशी उभ्याने खाल्लं जातं. मला चार महिने ते खाणं वाटलंच नाही, आवराआवर वाटली. त्याला खोटं म्हणू नका.

हिशेबी:
ओट्यापाशी खाल्लेलंही पोटातच जातं. मी तेच म्हणत होतो. 'आम्ही १२०० कॅलरीसुद्धा खात नाही, तरी उतरत नाही' म्हणणाऱ्यांची न्यूयॉर्कमध्ये दोन आठवडे तपासणी केली होती, निष्कर्ष १९९२ साली छापून आले. खाल्लेल्यातलं जवळजवळ निम्मं नोंदीतून निसटलं होतं.

तेलासाठी कढईत डोकवायची गरज नाही. महिन्याला किती आणता ते बघा. चार माणसांत ५ लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. आणि माझ्या वहीतला सगळ्यात मोठा आकडा चतुर्थीचा आहे. खिचडीतल्या १०० ग्रॅम शेंगदाण्यातच साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. लिहिलं नसतं तर मी अजून उपासच समजत असतो.

लातूरकर:
एवढा खटाटोप कशाला? आमच्या डाएटवाल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित सरांचं ऐका. दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांत जेवण. ना काटा ना वही. माझे ९ किलो गेले. सरांच्या आधी डॉ. श्रीकांत जिचकारही हेच सांगून गेले होते.

सोनचाफा:
लातूरकर, आमच्या बाबांनीही ऐकून सुरू केलं. मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या, डॉक्टरांना विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी साखर इतकी उतरली की घामाघूम होऊन जिन्यातच बसले. दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं ऐकलं असतं तर ती दुपार टळली असती.

लातूरकर:
गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं, हे सर स्वतःच सांगतात. वडील न विचारता करतात त्यात सरांचा काय दोष?

घाटावरचा:
दीक्षित-दिवेकर पुन्हा नको. मंजिरीताई, साधं उत्तर आहे. उरलेलं टाकून द्या. सक्ती कोण करतंय?

मंजिरी_सा:
सक्ती कोण करतंय? शेवटी जेवायला कोण बसतं ते आज रात्री तुमच्या घरी बघा, मग विचारा.

घाटावरचा:
आमच्याकडे सगळे एकत्र बसतात. प्रत्येक गोष्टीत बायकांवरचा अन्याय आणायलाच हवा का? विषय वजनाचा आहे.

माणदेशी:
टाकून द्या म्हणणाऱ्यांसाठी लिहिते. ७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिथे सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा, तो ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. घरी मिलो ज्वारीची लाल भाकरी, घशाखाली उतरायची नाही तरी खायचो. आता डॉक्टर म्हणतात, आजी, वजन कमी करा, गुडघे गेलेत. मी नातवाच्या ताटातला भात बघते आणि हात आपोआप जातो. वही ठेवली तर त्यात काय लिहू?

घाटावरचा:
काकू, तुम्हाला उद्देशून नव्हतं. पण नातवाला आधीच कमी वाढलं तर उरणारच नाही, एवढं तरी खरं ना?

माणदेशी:
खरं आहे. पण आजीला कमी वाढायला सांगताय, बाळा.

सोनचाफा:
हिशेबी, तुम्ही गप्प का? तुमच्या घरी उरलेलं कोण संपवतं? आणि आठ महिने कणीक कुणी तोलली?

हिशेबी:
कणीक बायको तोलत होती. माझ्या दोन पोळ्यांची ६० ग्रॅम वेगळी मळायची, भाजी फोडणी घालण्याआधी वेगळी काढायची. हे मी कालच्या लिखाणात घातलं नव्हतं, घालायला हवं होतं. उरलेलं कोण संपवतं ते आत्ता तिला विचारलं. तिचं वजन या आठ महिन्यांत ३ किलो वाढलंय. मला माहीत नव्हतं.

'आळशी' आणि 'खोटं' हे दोन्ही शब्द मागे घेतो. मोजल्याशिवाय उतरत नाही, हे मात्र मागे घेणार नाही.

मंजिरी_सा:
नका घेऊ. तेलाचं तुमचं गणित मीही करून बघितलं. कॅन २७ दिवसांत संपलाय, आम्ही पाच जण. रोजचे ३०० कॅलरी माणशी, आणि मी चार महिने भाजीचं तेल 'एक चमचा' लिहीत होते. नव्या कॅनवर आज तारीख घातलीय. उरलेल्या पोळ्यांसाठी डब्यावर नवऱ्याचं नाव घातलंय, सकाळी फोडणीची पोळी तो करणार आहे.