फायब्रोमायल्जिया: दुखणं थोडं कमी, पण विसर आणि थकवा वाढलाय

शिरपूरकर: आईला (वय 52) फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर सतत दुखणं, थकवा आणि कच्ची झोप असा आजार. रात्री त्या दुखण्यासाठी प्रीगॅबॅलिन 75 मिग्रॅची गोळी चालू आहे. गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, दूध गॅसवर तसंच राहतं. त्यात आखाजी (अक्षय तृतीया) तोंडावर आलीय आणि तिला कुरडया घालायच्याच आहेत. काय करावं?

तापीकाठ: विसराला दुसरं कारण नाही ना, ते आधी बघा. बी-12, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर तपासा. बी-12च्या गोळ्या सुरू करण्याआधी रक्त द्या, नाहीतर आकडा फसवा येतो. प्रीगॅबॅलिननंही गुंगी येते. विसर डोस वाढल्यापासून वाढला का, ते तारखेनिशी डॉक्टरांना सांगा. मनानं गोळी एकदम बंद करू नका, झोप उडते, मळमळतं, घाम फुटतो. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. दुकानातून आणलेल्या सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्यानं गुंगीत भरच पडते.

शिरपूरकर: साखरेसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे.

तापीकाठ: मग बी-12 नक्की तपासा. मेटफॉर्मिननं ते कमी होतं, शाकाहारी असतील तर आणखीच.

भुसावळची: दुखणं आणि कच्ची झोप यांत लक्षच बसत नाही, म्हणून गोष्ट डोक्यात शिरतच नाही. 'नीट आठव' म्हणून काही होत नाही, त्यांचा जीव मात्र खालावतो. सात दिवसांची सकाळ-रात्र कप्प्यांची डबी आणा, रविवारी ती तुम्ही भरा. कप्पा रिकामा म्हणजे गोळी झाली. शंका आली तरी दुसरी घ्यायची नाही. गोळी तोंडात गेल्याशिवाय अलार्म बंद करायचा नाही, 'घेते नंतर' म्हटलं की राहिलंच. दूध ठेवलं की ओट्याजवळच थांबायचं, हलायचं तर आधी गॅस बंद.

कुरडयांचं म्हणाल, तर बऱ्या दिवशी सगळं उरकायचं आणि मग दोन-तीन दिवस अंथरुणाला खिळायचं, थकव्याचं मूळ बरेचदा इथंच असतं. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलतात, तेवढं त्यांनी करावं. चीक शिजवताना सतत घोटावा लागतो आणि सोऱ्या दाबावा लागतो. खांदे-मनगटं तिथंच भरून येतात, ती कामं दुसऱ्यांकडे द्या. मिठाचा अंदाज, चीक शिजला का ते बघणं हे त्यांच्याकडेच ठेवा, त्यात त्यांचा मान आहे. घड्याळ लावून 15 मिनिटं काम, 5 मिनिटं टेकणं. दुखायला लागायच्या आधी थांबायचं, बरं वाटत असलं तरी. पहाटे सुरू करा, आपल्याकडच्या उन्हात दहानंतर गच्चीवर नको.

थकवा आहे म्हणून चालणं सोडू नका. सकाळी 5 मिनिटांपासून सुरुवात, दर आठवड्याला मिनिट-दोन मिनिटं वाढ. दुपारी झोप अर्ध्या तासाच्या आत.

तापीकाठ: एक राहिलं. ओळखीचा रस्ता चुकणं हे फायब्रोच्या खात्यात टाकू नका, न्यूरोलॉजिस्टला दाखवा. अचानक बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला तर वाट न बघता थेट दवाखाना गाठा.